शाळेचा दाखला आणि देशाचा दाखला

महाराष्ट्रातल्या खेड्यात वाढलेल्या साठी-सत्तरीच्या माणसाला जन्मतारीख विचारून पाहा. बरेचदा उत्तर येते, "१ जून." आणि लगेच पुढे, "ती शाळेतली. खरी कुणाला माहीत!" शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. पटावर नावे घालायला गुरुजी घरोघर फिरायचे. जन्माची नोंद बहुधा कुठेच नसायची. आई सांगायची, "मोठा पूर आला त्या साली झाला," नाहीतर "थोरलीच्या लग्नानंतर दोन पावसाळ्यांनी." गुरुजी पोराकडे एकदा निरखून पाहायचे, पहिलीत बसेल असे वय धरायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. म्हणूनच दरवर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत निवृत्तीच्या निरोपसमारंभांची रांग लागते.

गमतीचा भाग सोडला तर यात एक क्रम दिसतो. मूल आधी गावाचे होते. गाव त्याला नावाने, बापाच्या नावाने, खोड्यांवरून ओळखते. कागद मागाहून येतो, आणि पहिला कागद शाळा देते. आपण अमेरिकेत आलो ते नेमके उलट क्रमाने. आधी पासपोर्ट, आय-ट्वेंटी किंवा एच-वन, विमानतळावरचा शिक्का. मग अपार्टमेंट, शेजारी, मंडळ, गणपती, आणि पुष्कळ वर्षांनी कधीतरी "आता हेच आपले गाव" ही जाणीव. त्यामुळे कागद आधी आणि आपलेपण नंतर, हीच जगाची रीत आहे असे आपल्याला वाटते.

याच देशात लाखो मुले मात्र त्या खेड्यातल्या क्रमाने वाढली. त्यांना इथली शाळा मिळाली, मित्र मिळाले, भाषा मिळाली. कागद मिळाला नाही, किंवा फार उशिरा मिळाला. त्यांना इंग्रजीत अनडॉक्युमेंटेड म्हणतात. त्यांचा इतिहास आपल्या बैठकीत सहसा निघत नाही. निघाला तर "आम्ही रांगेत उभे राहून आलो, त्यांनी का नाही राहायचे?" या एका वाक्यात संपतो. या लेखात त्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधायचे आहे. शोधता शोधता आपण आपल्याच घराशी येऊन पोहोचू.

व्हिसा नव्हता तो काळ

आनंदीबाई जोशी १८८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. त्यांच्यापाशी अमेरिकेचा व्हिसा नव्हता, कारण व्हिसा नावाचा प्रकारच तेव्हा या देशात नव्हता. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर बाई त्यांना घरी घेऊन गेल्या आणि पुढे आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. येण्यासाठी बोटीचे भाडे लागले, ओळखीचे घर लागले आणि धैर्य लागले.

मात्र आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा केला होता. एका विशिष्ट देशाच्या लोकांना वंशावरून दार बंद करण्याची ही सुरुवात होती. दार बंद झाले की खिडक्या शोधल्या जातात. "बेकायदा प्रवेश" ही गोष्ट इथे या दिवसांपासून मोठी होत गेली.

१८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाँग किम आर्क या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या चिनी स्वयंपाक्याच्या खटल्यात निकाल दिला की जो इथे जन्मला तो इथला नागरिक, आईबाप कोणत्याही वंशाचे असोत. मग १८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, पाठोपाठ आग लागली आणि शहराची जन्मनोंदीची दप्तरे जळून गेली. शहरातल्या अनेक चिनी पुरुषांनी सांगितले, "माझा जन्म इथलाच, पण नोंद जळाली." खोटे म्हणावे तर पुरावा नाही, खरे म्हणावे तरी पुरावा नाही. असा माणूस नागरिक ठरला की त्याची चीनमधली मुलेही नागरिक ठरत. चीनला जाऊन आल्यावर तो "मला तिकडे मुलगा झाला" अशी नोंद करी. काही वेळा तो मुलगा खरा असे. काही वेळा ती नोंद शेजाऱ्याच्या किंवा भावाच्या मुलाला विकली जाई. अशा मुलांना "कागदी मुलगे" असे नाव पडले.

१९१० ते १९४० या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल बेटावर या मुलांची उलटतपासणी होई. तुझ्या घरापासून विहीर किती पावलांवर? तांदळाची कोठी कोणत्या खोलीत? शेजारच्या ओळीत घरे किती? बारा-चौदा वर्षांची पोरे बोटीवर उत्तरे पाठ करत आणि धक्का दिसू लागला की पाठाची वही समुद्रात टाकत. पास झालेला मुलगा दुसऱ्याच्या आडनावाने शाळेत जाई, त्याच आडनावाने लग्न करी, त्याच आडनावाने मुलांना वाढवी. १९५६ ते १९६५ या काळात सरकारने "खरे सांगा, शक्य असेल तर कायम करून घेऊ" अशी योजना चालवली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक लोकांनी आपले खरे नाव सांगितले. कॅलिफोर्नियातल्या जुन्या दफनभूमीत आजही काही थडग्यांवर इंग्रजीत कागदी आडनाव आणि चिनी लिपीत खरे आडनाव कोरलेले दिसते. आयुष्यभर दोन नावे सांभाळलेल्या माणसाला दगडावर तरी दोन्ही लागली.

मिळालेला कागद परत घेतला तेव्हा

हे चिनी लोकांचे झाले, आपला काय संबंध, असे वाटत असेल तर थोडे थांबा. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवले की हिंदुस्थानातले लोक कायद्याच्या अर्थाने "गोरे" नाहीत, म्हणून त्यांना अमेरिकेचे नागरिक होता येणार नाही. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्याचा उपयोग झाला नाही. इतकेच नव्हे, ज्या हिंदी लोकांना आधीच नागरिकत्व मिळाले होते, त्यांचेही ते काढून घेण्याचे सत्र सुरू झाले. पन्नासहून अधिक जणांचे कागद असे रद्द झाले.

थिंड यांच्या वकिलांत एक नाव होते सखाराम गणेश पंडित. नाव वाचताच आपल्याच कुणाचे वाटावे असे. ते लॉस एंजेलिसमध्ये वकिली करत आणि १९१४ पासून अमेरिकन नागरिक होते. सरकारने त्यांचेही नागरिकत्व काढायला घेतले. पंडितांनी युक्तिवाद केला की एकदा न्यायालयाने सगळी चौकशी करून कागद दिला, त्याच्या भरवशावर मी वकील झालो, घर घेतले, संसार मांडला. आता तुम्ही तोच निकाल पुन्हा उकरून काढू शकत नाही. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने हे मान्य केले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकायलाच नकार दिला आणि बाकीच्या हिंदी लोकांवरचे असे खटले थंडावले.

पण वैष्णोदास बगाई यांच्यापर्यंत ही मदत पोहोचली नाही. पेशावरचे बगाई १९१५ मध्ये पत्नी कला आणि तीन लहान मुलग्यांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला आले होते. त्यांनी दुकान थाटले, इंग्रजी पोशाख स्वीकारला, १९२१ मध्ये नागरिकत्व मिळवले. थिंड निकालानंतर ते गेले आणि त्याबरोबर मालमत्तेचे हक्कही गेले. भारतात जायला अमेरिकन पासपोर्ट मिळेना. ब्रिटिश पासपोर्ट घ्या असे सांगण्यात आले, आणि ज्या राज्यातून सुटायला ते आले होते त्याचाच पासपोर्ट त्यांना नको होता. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी या कोंडीबद्दलच लिहिले होते, आणि ते पत्र सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात छापून आले.

तिघे मुलगे कॅलिफोर्नियाच्या शाळांत शिकले. कलाबाईंनी एकटीने त्यांना वाढवले, कॉलेजात पाठवले. जुलै १९४६ मध्ये लूस-सेलर कायदा झाला, हिंदी लोकांना पुन्हा नागरिक होता येऊ लागले आणि पुढे कलाबाईही नागरिक झाल्या. त्या कायद्याने भारतासाठी वर्षाला किती जागा दिल्या होत्या? फक्त शंभर. ज्या बर्कले शहरात एके काळी शेजाऱ्यांनी बगाई कुटुंबाला त्यांच्याच नव्या घरात पाऊल टाकू दिले नव्हते, त्या शहराने आता एका रस्त्याला कलाबाईंचे नाव दिले आहे. त्यासाठी सुमारे शंभर वर्षे लागली.

रस्ता जुना, कायदा नवा

आज "कागदपत्रांविना" म्हटले की मेक्सिको आठवतो. त्यामागेही कायद्यातला एक बदल आहे. १९४२ ते १९६४ या काळात अमेरिकेने स्वतःच करार करून मेक्सिकोतले शेतमजूर हंगामापुरते बोलावले. बापामागून मुलगा, भावामागून भाऊ त्याच शेतांवर येत राहिले. १९६४ मध्ये करार संपला. १९६५ च्या कायद्याने दक्षिणेकडून येणाऱ्यांवर प्रथमच एकूण मर्यादा घातली आणि १९७६ मध्ये मेक्सिकोला इतर प्रत्येक देशाइतकाच, म्हणजे वर्षाला वीस हजारांचा, कोटा लागू झाला. हाच १९६५ चा कायदा आपल्याला भारतातून इकडे घेऊन आला, हे विसरायला नको. आपल्यासाठी ज्याने दार उघडले, त्याच कायद्याने दुसऱ्याचे नेहमीचे दार अरुंद केले. शेतावरचे काम मात्र होते तसेच राहिले आणि बोलावणारा मालकही तोच होता.

टायलरची सोळा मुले

पूर्व टेक्सासमधले टायलर हे गाव गुलाबांसाठी प्रसिद्ध आहे. गुलाबांच्या शेतांत आणि आसपासच्या कारखान्यांत मेक्सिकोहून आलेली कुटुंबे राबत होती आणि त्यांची मुले गावच्या शाळेत जात होती. १९७५ मध्ये टेक्सासने कायदा केला की देशात रीतसर प्रवेश न झालेल्या मुलांसाठी राज्य शाळांना पैसे देणार नाही, आणि वाटल्यास शाळांनी त्यांना प्रवेशही नाकारावा. टायलरच्या शाळामंडळाने दोन वर्षे काही केले नाही. १९७७ च्या उन्हाळ्यात मात्र ठरवले की अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला एक हजार डॉलर फी घ्यायची. गुलाब खुडणाऱ्या मजुराला चार मुलांचे चार हजार डॉलर भरणे शक्यच नव्हते. सुमारे सोळा हजार विद्यार्थ्यांच्या त्या शाळामंडळात अशी मुले साठही नव्हती.

चार कुटुंबांतल्या सोळा मुलांच्या वतीने खटला दाखल झाला. नावे उघड होऊ नयेत म्हणून कागदावर सगळ्यांना "डो" हे एकच आडनाव दिले गेले. न्यायमूर्ती विल्यम वेन जस्टिस यांनी पहिली सुनावणी सप्टेंबरातल्या एका दिवशी पहाटे सहाला ठेवली, म्हणजे गर्दी होणार नाही आणि आईबापांना नंतर कामावरही जाता येईल. आईबाप आले ते गाडीत घरातले सामान भरून. न्यायालयातून थेट सीमेपलीकडे धाडले जाऊ, अशी त्यांची समजूत होती. एवढे कळत असूनही ते आले, कारण मुलांची शाळा बुडत होती. मंडळी, आपल्याकडे पोटाला चिमटा काढून पोरांना शिकवणाऱ्या आईबापांच्या गोष्टी घरोघरी आहेत. या गोष्टीतले आईबाप आपल्याला परके वाटायचे कारण नाही.

न्यायमूर्तींनी काही दिवसांतच मुलांना शाळेत परत घेण्याचा तात्पुरता हुकूम दिला. खटला वर चढत गेला आणि १५ जून १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. इकडे आदल्याच वर्षी, १९८१ मध्ये, शिकागोत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले होते, यावरून काळाचा अंदाज यावा.

निकाल लिहिला न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी. राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती राज्याच्या हद्दीतल्या कोणत्याही "व्यक्ती"ला कायद्याचे समान संरक्षण देते. तिथे "नागरिक" हा शब्द नाही. टेक्सासचे म्हणणे होते की ही मुले त्या शब्दात बसत नाहीत. ब्रेनन यांनी ते नाकारले. आईबापांच्या कृतीवर मुलांचा ताबा नसतो, तेव्हा त्याची शिक्षा मुलांना देणे न्यायाचे नाही, आणि अक्षरओळखही नसलेला एक वर्ग कायमचा तयार करून देशाचे भले होणार नाही, असा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. विरोधात मत देणाऱ्या चार न्यायमूर्तींनीही मुलांना शाळेबाहेर ठेवणे शहाणपणाचे आहे असे म्हटले नाही. तो निर्णय न्यायालयाने करायचा नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

पुढे काय झाले? १९८६ च्या कायद्याने १९८२ च्या आधीपासून इथे राहणाऱ्यांना कायम होण्याची संधी दिली आणि शेतमजुरांच्या वेगळ्या तरतुदीसह देशभरात सुमारे सत्तावीस लाख लोकांना कागद मिळाले. टायलरच्या त्या सोळांपैकी बहुतेकांनी गावातच हायस्कूल पूर्ण केले. त्यांच्यातली एक मुलगी पुढे त्याच शाळामंडळात शिक्षकांची मदतनीस म्हणून नोकरीला लागली. ज्यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो ते शाळाप्रमुख जेम्स प्लायलर म्हातारपणी सांगत की आपण हरलो ते बरे झाले.

सोळाव्या वर्षी कळलेली गोष्ट

शाळेचे दार उघडले, पण शाळा बारावीला संपते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्टो गोन्झालेझ यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या दीडशे तरुणांचा बारा वर्षे मागोवा घेतला. त्यांना दिसले ते असे: लहानपणी ही मुले इतर मुलांसारखीच वाढतात. अनेकांना आपल्या कागदांबद्दल काही माहीतच नसते. पंधरा-सोळाव्या वर्षी मित्र गाडी शिकू लागतात, उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात कामाला लागतात, कॉलेजचे आणि फॅफ्साचे अर्ज भरू लागतात. प्रत्येक अर्जात सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना असतो. त्या रकान्यापाशी मूल अडखळते आणि मग आईवडील एका संध्याकाळी त्याला समोर बसवून सगळे सांगतात.

होसे अँटोनियो व्हार्गास यांना तर घरीही कुणी सांगितले नव्हते. १९९३ मध्ये बाराव्या वर्षी ते फिलिपिन्सहून कॅलिफोर्नियात आजी-आजोबांकडे आले. सोळाव्या वर्षी ड्रायव्हिंगच्या परवान्यासाठी गेले, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी ग्रीन कार्ड पाहून हळूच सांगितले की हे खोटे आहे, पुन्हा इथे येऊ नकोस. त्यांच्या शाळेतल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना पाठीशी घातले आणि कॉलेजात पोचवले. २००८ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या वॉशिंग्टन पोस्टच्या चमूत ते होते. २०११ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात स्वतःच्या नावाने लिहिले की आपण कागदपत्रांविना आहोत.

शिकागोची टेरेझा ली ही मुलगी पियानो वाजवायची. आईवडील कोरियाचे, तिचा जन्म ब्राझीलचा, आणि इथे आली तेव्हा ती दोन वर्षांची होती. संगीत महाविद्यालयांचे अर्ज ती भरत नाही हे पाहून शिक्षिकेने खोदून विचारले, तेव्हा तिने रडत रडत खरे सांगितले. शिक्षिकेने सिनेटर डिक डर्बिन यांच्या कचेरीत फोन लावला. तिच्यासाठी काही मार्ग आहे का हे शोधताना लक्षात आले की कायद्यात मार्गच नाही. त्यातून २००१ च्या ऑगस्टमध्ये ड्रीम अॅक्टचे विधेयक आले. सिनेटमधली सुनावणी ठरली होती १२ सप्टेंबर २००१ रोजी. आदल्या दिवशी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले आणि ती सुनावणी झालीच नाही.

"रांगेत का नाही उभे राहत?" या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. अशा मुलाला उभे राहता येईल अशी रांगच नाही. १९९६ च्या कायद्यानुसार अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर जो वर्षभर कागदांविना राहिला आणि मग देशाबाहेर गेला, त्याला दहा वर्षे परत येता येत नाही. म्हणजे रांगेत उभे राहायला बाहेर जावे, तर दार दहा वर्षे बंद.

१५ जून, पुन्हा एकदा

२०१० पर्यंत या मुलांची एक पिढी तिशीला आली होती. त्या वर्षी १ जानेवारीला चार विद्यार्थी मायामीहून वॉशिंग्टनला चालत निघाले. मार्चमध्ये शिकागोच्या फेडरल प्लाझात काही तरुणांनी उभे राहून स्वतःचे नाव आणि स्वतःची परिस्थिती जाहीर सांगितली. कागदी मुलग्यांनी पन्नास वर्षे जे लपवले, ते ही मुले भर चौकात बोलली. डिसेंबरात ड्रीम अॅक्ट हाउसमध्ये मंजूर झाला. सिनेटमध्ये ५५ मते पडली. पुढे जायला हवी होती ६०.

मग १५ जून २०१२ रोजी, टायलरच्या निकालाला बरोबर तीस वर्षे होत असताना, राष्ट्राध्यक्ष ओबामांनी डाका योजना जाहीर केली. सोळा वर्षांचे होण्याआधी आलेल्या आणि त्या दिवशी एकतीस पूर्ण न झालेल्या तरुणांना दोन-दोन वर्षे हद्दपारीपासून अभय आणि कामाची परवानगी मिळू लागली. व्हार्गास यांना चारच महिन्यांपूर्वी एकतीस पूर्ण झाले होते. ते बसले नाहीत. पुढे आठ लाखांहून अधिक तरुणांना याचा लाभ झाला. कुणी नर्स झाले, कुणी शिक्षक, कुणी इंजिनियर. पण हा कायदा नव्हता, ही सवलत होती. २०१७ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय झाला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद करण्याची पद्धत चुकीची ठरवली, आणि २०२१ च्या निकालापासून नवे अर्ज मंजूर होणे थांबले. २०२४ अखेर सुमारे सव्वापाच लाख जण यावर जगत होते. त्यांतले थोरले आता चाळिशी ओलांडू लागले आहेत आणि दर दोन वर्षांनी अर्ज भरत आहेत. राज्यांच्या सवलतीही अशाच हलत्या. टेक्सासने २००१ मध्ये सर्वांत आधी अशा मुलांना स्थानिक दराने कॉलेजची फी लावली, आणि २०२५ मध्ये न्यायालयीन आदेशाने तीच सवलत गेली.

आपल्या मांडवातली मुले

आता आपल्या घराकडे येऊ. प्यू संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली अमेरिकेत कागदपत्रांविना राहणाऱ्या भारतीयांची संख्या सुमारे सव्वासात लाख होती. इतर अंदाज याहून बरेच कमी आहेत. पण कमी धरले तरी, हा प्रश्न फक्त दुसऱ्यांचा आहे असे म्हणता येत नाही.

त्याहून जवळची गोष्ट एच-फोर मुलांची आहे. वडील किंवा आई एच-वनवर, ग्रीन कार्डचा अर्ज केलेला, पण एका देशाला वर्षाला सात टक्क्यांहून अधिक जागा नाहीत, या नियमामुळे भारतीयांची रांग दशकांची झालेली. मूल दोन-तीन वर्षांचे असताना आले. बालवाडीपासून इथेच शिकले. गणपतीत अथर्वशीर्ष म्हणते, दिवाळीच्या कार्यक्रमात लावणीवर नाचते, शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. एकविसावा वाढदिवस आला की ते आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडते. मग विद्यार्थी व्हिसा शोधायचा, नाहीतर लहानपणी सोडलेल्या देशात परत जायचे. २००२ च्या कायद्याने वयाच्या मोजणीत काही दिलासा दिला, पण ज्यांची रांगच पंधरा-वीस वर्षांची, त्यांना तो पुरत नाही.

आणि डाका? त्यासाठी अट होती की १५ जून २०१२ रोजी तुमच्यापाशी वैध कागद नसावा. ज्या आईवडिलांनी प्रत्येक अर्ज वेळेवर भरला, प्रत्येक फी दिली, त्यांची मुले नेमकी त्यामुळेच बाहेर राहिली. अशा मुलांची संख्या दोन लाखांहून अधिक असावी असा अंदाज आहे. त्यांच्यासाठी २०२१ मध्ये दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मिळून विधेयक आणले, ते मंजूर झालेले नाही. म्हणजे रांगेत उभे राहिलेल्यांची मुले आणि ज्यांना रांगच नव्हती त्यांची मुले, विशीच्या उंबरठ्यावर जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन थांबतात.

आपलेपण कुठून आले?

हा सगळा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. या मुलांना इथले करून घेतले ते आधी सरकारने नव्हे. टायलरला शाळेने आणि एका न्यायाधीशाने, व्हार्गास यांना शाळेतल्या चार मोठ्या माणसांनी, टेरेझाला पियानोच्या शाळेतल्या बाईंनी. "तुझे काय चालले आहे?" असे कुणीतरी थांबून विचारले आणि उत्तर ऐकून तोंड फिरवले नाही. कागद त्यानंतर दहा, वीस, कधी चाळीस वर्षांनी आला. बगाईंच्या बाबतीत विचारणारे कुणी उरले नव्हते, आणि तिथे काय झाले ते आपण पाहिले.

तेव्हा आपण काय करू शकतो? कायदे आपल्या हातात नाहीत, पण काही साध्या गोष्टी आहेत. एक, आपल्या मुलाचा स्वतःचा कागद कोणता आहे आणि एकविसाव्या वर्षी त्याचे काय होणार, हे त्याला वेळेवर सांगावे. सोळाव्या वर्षी एखाद्या खिडकीपाशी कळण्यापेक्षा बाराव्या वर्षी घरी, जेवणाच्या टेबलाशी कळलेले बरे. दोन, मंडळात ज्या घरी ही काळजी आहे तिथे ती लाजेची गोष्ट होऊ देऊ नये. चांगल्या वकिलाचे नाव, कॉलेजच्या शिष्यवृत्तीची माहिती, एखाद्या मोठ्या मुलाचा अनुभव, हे आपण पोळीभाजीच्या डब्याइतक्या सहज एकमेकांना देऊ शकतो. तीन, "बेकायदा" हा शब्द माणसाला लावण्याआधी क्षणभर थांबावे. १९२३ साली तो सखाराम गणेश पंडितांना लावला गेला होता.

आणि चौथी गोष्ट मुलांना सांगायची. कागद गरजेचा आहे, त्यासाठी झगडायचेच आहे. पण तुमचे नाव शाळेच्या पटावर आहे, मित्रांच्या फोनमध्ये आहे, मंडळाच्या नाटकाच्या पात्रयादीत आहे. ती नोंद जळत नाही, आणि कुठल्याही कचेरीला ती रद्द करता येत नाही.